इंग्लंडमधील बाल-रग्बी : क्लबाचा हंगाम, वयोगट आणि वाढते अंग

खेळांच्या सामाजिक अभ्यासात आजवर बहुतेक लक्ष प्रौढ खेळाडू, राष्ट्रीय संघ आणि प्रेक्षकसमूह यांच्याकडेच गेले आहे. मुलांचा खेळ म्हणजे मोठ्यांच्या खेळाची पूर्वतयारी, असे गृहीत धरून त्याची दोन वाक्यांत बोळवण करण्याची प्रथा पडून गेली आहे. इंग्लंडमधील रग्बी क्लबांच्या बालविभागाकडे पाहिले म्हणजे हे गृहीतक किती अपुरे आहे, हे ध्यानात येते. सप्टेंबरपासून वसंताच्या अखेरीपर्यंत दर रविवारी सकाळी तेथे सहा वर्षांच्या मुलापासून अठरा वर्षांच्या तरुणापर्यंत सारे एकाच क्लबाचा सदरा घालून मैदानात उतरतात; परंतु ते एकच खेळ खेळत नाहीत. सर्वांत धाकट्या गटात कोणी कोणाला धरीत नाही, पाडीत नाही, चेंडूला लाथही मारीत नाही. सर्वांत थोरल्या गटात पंधरा-पंधरा जणांचे दोन संघ प्रौढांप्रमाणेच एकमेकांवर आदळतात. या दोन टोकांमध्ये वर्षावर्षाने बदलत जाणारे अनेक खेळ आहेत. त्यांची रचना कशी झाली, ती कोणता प्रश्न सोडवू पाहते आणि कोठे तोकडी पडते, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

प्रश्न साधा आहे. रग्बी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. मुलांची अंगे मात्र समान नसतात, आणि ती समान गतीने वाढतही नाहीत. अशा असमान अंगांना समान मानून एका मैदानावर उभे करावयाचे, तर समानतेची कसोटी कोणती धरावी?

या खेळाच्या इतिहासातील एक विरोधाभास येथे नोंदण्यासारखा आहे. रग्बीचा उगम मुलांच्या हातून झाला. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने चेंडू हातात घेऊन धाव घेतली व त्यातून नवा खेळ जन्मला, ही कथा सर्वपरिचित आहे. तिला समकालीन पुरावा नाही. ती प्रथम पुढे आली अर्धशतकानंतर, त्या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर. परंतु १८४५ साली रग्बी येथील शाळेत या खेळाचे पहिले लेखी नियम तयार झाले ते शिक्षकांनी नव्हे, तर विद्यार्थ्यांनीच केले, हे निश्चित आहे. त्या शाळेत थोरली व धाकटी मुले एकाच सामन्यात उतरत. टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीतील प्रसिद्ध सामना वाचणाऱ्यास त्या गर्दीत नवख्या, लहानग्या टॉमलाही जागा आहे असे दिसेल. तो घोळक्यात चेंडूवर झेप घेतो आणि चेंगरला जातो, आणि त्याचे कौतुक होते. पुढे शाळा सोडून गेलेल्या तरुणांनी क्लब काढले. १८७१ साली लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली. खेळ प्रौढांचा झाला. मुले राहिली ती शाळांच्या स्वाधीन. क्लबाला मुलांशी कर्तव्य नव्हते. शाळा खेळाडू घडवी आणि क्लब त्यांना आयते घेई, असा जवळजवळ शंभर वर्षांचा अलिखित करार होता.

हा करार मोडला कसा, याची उकल खेळात नसून शिक्षणव्यवस्थेच्या इतिहासात आहे. इंग्लंडमधील रग्बीचा कणा असलेल्या ग्रामर स्कूल या निवडक माध्यमिक शाळा १९६५ नंतर मोठ्या प्रमाणावर सर्वसमावेशक शाळांत विलीन झाल्या. या नव्या शाळांपैकी अनेकांत रग्बीची परंपरा नव्हती. त्यात १९८४ ते १९८६ या काळातील शिक्षकांच्या वेतनविषयक आंदोलनाची भर पडली. शिक्षकांनी शाळेच्या वेळेबाहेरचे काम थांबवले आणि शनिवारचे शालेय सामने बंद पडले. आंदोलन संपले, तरी बऱ्याच शासकीय शाळांत शनिवारचा खेळ पूर्ववत कधीच झाला नाही. क्लबांनी १९७० च्या दशकापासून आटोपशीर मैदानावरचे, थोड्या खेळाडूंचे ‘मिनी रग्बी’ सुरू केले होतेच. आता ती हौस राहिली नाही, गरज झाली. ज्यांना शाळेत रग्बी मिळणार नव्हते अशी मुले बापाचे बोट धरून क्लबाच्या मैदानावर येऊ लागली. २००३ साली इंग्लंडने सिडनी येथे विश्वचषक जिंकला, तेव्हा या विभागांकडे मुलांचा ओघ वाढला.

शुल्क भरून चालणाऱ्या खाजगी शाळांत मात्र शनिवारचे सामने चालूच राहिले. बालविभागाचा दिवस रविवार ठरला, याचे एक कारण हेच आहे: शनिवारी सकाळी या शाळांची मुले शाळेकडून खेळतात आणि दुपारी क्लबाचे मैदान प्रौढ संघाला हवे असते. तेव्हा रविवारची सकाळ हा उरलेला वेळ आहे, निवडलेला नव्हे. पण त्याची किंमत खेळाडूलाच मोजावी लागते. शनिवारी शाळेसाठी सत्तर मिनिटे खेळलेला पंधरा वर्षांचा मुलगा रविवारी क्लबासाठी पुन्हा उतरला, तर त्याच्या अंगाला विसावा मिळत नाही. नाही उतरला, तर क्लबाच्या संघात पंधरावा गडी मिळत नाही. शाळेचा शिक्षक आणि क्लबाचा प्रशिक्षक यांच्यातील ही ओढाताण प्रत्येक हिवाळ्यात होते, आणि तिचा निवाडा बहुधा मुलाच्या आईला करावा लागतो.

हंगामाची मांडणी आता पाहू. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नावनोंदणी व सराव सुरू होतो. मुलाचा गट ठरतो तो १ सप्टेंबर या एकाच तारखेवरून. त्या दिवशी ज्याला सहा वर्षे पूर्ण झालेली आहेत पण सात झालेली नाहीत, तो ‘सातखालील’ गटात जातो. या गटात प्रत्येक बाजूला चार खेळाडू असतात. प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला दोन फिती चिकटवलेल्या असतात, आणि प्रतिपक्षाच्या चेंडूवाल्याची फीत ओढून काढली की त्याला अडवले असे मानतात. आठखालील गटात खेळाडू सहा होतात, पण फितीच राहतात. नऊखालील गटात सात खेळाडू आणि पहिला टॅकल, म्हणजे हातांनी कवटाळून धरणे व जमिनीवर आणणे. दहाखालील गटात आठ, अकराखालील गटात नऊ, बारा व तेराखालील गटांत अनुक्रमे बारा व तेरा, आणि चौदाखालील गटात पूर्ण पंधरा. मैदान, सामन्याची वेळ आणि चेंडूचा आकार या सर्वांत अशीच वाढ होत जाते. स्क्रम, म्हणजे वाकून एकमेकांच्या खांद्यांना खांदे लावून रेटण्याचा व्यूह, हा मोजक्या मुलांनिशी आणि रेटा न देता सुरू होतो व हळूहळू पूर्ण आठ जणांचा होतो. पूर्ण स्क्रम आल्यावरही १९ वर्षांखालील सर्व सामन्यांत प्रतिपक्षाला दीड मीटरपेक्षा अधिक मागे रेटता येत नाही. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय आहे व तिचा हेतू मानेचे मणके वाचवणे हा आहे.

या पायऱ्यांमागील विचार शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीचा वाटेल. लिपी शिकवताना आपण मुलाला एकदम जोडाक्षरे देत नाही. प्रथम मोकळी जागा कोठे आहे हे पाहून धावणे, मग चेंडू मागे देणे, मग अंगाशी अंग भिडवणे, आणि सर्वांत शेवटी घोळक्यातील डावपेच, असा हा क्रम आहे. जुन्या प्रशिक्षकांपैकी काहींचा आक्षेप असा की, फितीच्या खेळात मूल बगल देऊन निसटणे शिकते, भिडणे शिकत नाही, आणि नवव्या वर्षी त्याला जणू नवाच खेळ शिकावा लागतो. आक्षेप निराधार नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलाला भिडणे शिकवण्याने काय साधणार, याचे उत्तर आक्षेप घेणारे देत नाहीत.

लहान गटांत गुणतक्ता नसतो. रविवारचे सामने जवळच्या क्लबांशी होतात आणि वसंतात एखाद्या क्लबावर दिवसभराचा मेळा भरतो. एका बाजूची आघाडी फार वाढू लागली की दोन्ही प्रशिक्षक खेळ थांबवून मुलांची सरमिसळ करतात. सामन्याच्या दिवशी ज्याला संघात घेतले त्याला निदान अर्धा सामना खेळवलेच पाहिजे, असा युनियनचा नियम आहे. या ‘अर्ध्या सामन्याच्या’ नियमाइतका बालविभागात वादाचा दुसरा विषय नसेल. कागदावर त्याला कोणाचाच विरोध नसतो. मैदानावर, शेवटची दहा मिनिटे उरलेली असताना व संघ एका गुणाने मागे असताना, तो अनेकांना अवघड वाटतो. राखीव म्हणून रेषेबाहेर गारठ्यात उभा असलेला मुलगा पुढच्या वर्षी नाव नोंदवील की नाही, हे बहुधा त्या दहा मिनिटांत ठरते.

हंगामाचा खरा शत्रू पाऊस नव्हे. चिखलात रग्बी उत्तम चालते. शत्रू म्हणजे गोठलेली जमीन. डिसेंबर-जानेवारीत मैदान दगडासारखे कठीण झाले की पडणाऱ्या मुलाला इजा होईल म्हणून सामने रद्द होतात. १५ रविवार ठरवावेत आणि ११ हाती लागावेत, असा हा हिशेब असतो. ईस्टरच्या सुमारास दौरे निघतात आणि मेमध्ये बक्षीससमारंभाने वर्ष संपते. २०२०-२१ चा हंगाम या सर्वाला अपवाद ठरला. साथरोगामुळे टॅकल व स्क्रम वर्ज्य झाले आणि युनियनने केवळ स्पर्शाने अडवण्याचा एक पर्यायी खेळ दिला. त्या वर्षी नऊखालील गटात असलेल्या मुलांना टॅकलचे पहिले धडे ज्या वयात मिळावयाचे, तो हिवाळा बहुतांशी तसाच निघून गेला. इयत्तावार रचलेल्या कोणत्याही शिक्षणक्रमातून एक इयत्ता गळली म्हणजे जे होते, तेच येथेही झाले. वरच्या गटाच्या प्रशिक्षकांना मागचा धडा प्रथम घ्यावा लागला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १ सप्टेंबर ही रेषा कितपत न्याय्य आहे? २ सप्टेंबरला जन्मलेला आणि पुढच्या ३१ ऑगस्टला जन्मलेला ही दोन मुले एकाच गटात येतात. त्यांच्या वयांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्याचा सहावा हिस्सा. या अंतराचे परिणाम कॅनडातील बर्फावरच्या हॉकीच्या संदर्भात रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले. तेथे वर्षगणना जानेवारीपासून होते, आणि वरच्या श्रेणीच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा होता. त्यानंतर हाच प्रकार अनेक देशांत व अनेक खेळांत आढळून आला. इंग्लंडमधील तरुण रग्बीपटूंच्या निवडीतही सप्टेंबर ते नोव्हेंबरचा वरचष्मा दिसतो. यामागील यंत्रणा समजण्यास कठीण नाही. थोडा थोरला मुलगा थोडा उंच व बळकट असतो. प्रशिक्षकाला तो ‘गुणी’ वाटतो. त्याला अधिक चेंडू मिळतो, अधिक सराव मिळतो, वरच्या संघात जागा मिळते. आणि काही वर्षांनी तो खरोखरच अधिक गुणी झालेला असतो. प्रारंभी जी चूक होती, ती अशा रीतीने स्वतःला खरी करून दाखवते.

पण येथेच एक अनपेक्षित गोष्ट आढळते. नील मॅकार्थी आणि डेव्ह कॉलिन्स यांनी २०१४ साली इंग्लंडमधील एका व्यावसायिक क्लबाच्या रग्बी प्रबोधिनीची पाहणी प्रसिद्ध केली. प्रबोधिनीत प्रवेश मिळालेल्यांत वर्षाच्या आरंभी जन्मलेले अधिक होते. परंतु पुढे जे खरोखर व्यावसायिक खेळाडू झाले, त्यांत वर्षाच्या अखेरीस जन्मलेल्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. याचा अर्थ असा लावला जातो की, थोरल्यांच्या गर्दीत टिकून राहण्यासाठी धाकट्याला कौशल्य व चिवटपणा कमवावा लागतो. वयाचा फरक मिटला की ही कमाई त्याच्या हाती उरते. निष्कर्ष आकर्षक आहे, आणि म्हणूनच तो जपून घेतला पाहिजे. ऑगस्टमध्ये जन्मलेले जे टिकले त्यांचीच ही कथा आहे. जे दहाव्या किंवा बाराव्या वर्षी खेळ सोडून गेले, त्यांची गणना कोणत्याही प्रबोधिनीच्या दप्तरात होत नाही. धाकटेपण हे वरदान आहे असे त्यावरून म्हणणे म्हणजे पोहून पैलतीरी आलेल्यांना पाहून नदीला उतार आहे असे म्हणण्यासारखे होईल.

जन्मतारखेहून मोठा फरक पडतो तो वयात येण्याच्या काळात. जे. एम. टॅनर यांच्या ‘ग्रोथ ॲट ॲडोलसन्स’ (१९५५, दुसरी आवृत्ती १९६२) या ग्रंथाने हा विषय शिक्षकांपर्यंत पोचवला. मुलग्यांची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास. परंतु ही केवळ सरासरी आहे. कोणाची वाढ बाराव्या वर्षी होते, कोणाची सोळाव्या. त्यामुळे चौदाखालील गटात, म्हणजे नेमका ज्या गटात पूर्ण पंधरांचा खेळ प्रथम येतो तेथे, मिसरूड फुटलेला जवळजवळ प्रौढ मुलगा आणि आवाजही न फुटलेला मुलगा समोरासमोर उभे राहतात. दोघांचे वाढदिवस एकाच आठवड्यात असू शकतील. १ सप्टेंबरची रेषा येथे काहीच सांगत नाही.

यावर उपाय म्हणून दोन मार्ग पुढे आले आहेत. पहिला मार्ग वजनाचा. न्यूझीलंडमध्ये, विशेषतः ऑकलंड भागात, माओरी व पॅसिफिक बेटांतील कुटुंबांची मुले लवकर व भरदार वाढतात. तेथे मुलांचे गट वयाबरोबर वजनावरूनही पाडण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. २०२० पासून तेथे प्रौढ क्लबांसाठीही ८५ किलोग्रॅमखालील खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा आहे. महाराष्ट्रातील वाचकास ही कल्पना परकी वाटणार नाही. कबड्डीच्या किशोर व कुमार गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, आणि खो-खोत वय, उंची व वजन यांवरून निर्देशांक काढून गट ठरवण्याची रीत होती. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत आपल्याकडे जे सहज सुचले, ते इंग्लंडच्या रग्बीला सुचले नाही असे नाही. पण तेथील बालविभाग शाळेच्या इयत्तेला बांधलेला आहे, आणि वर्गमित्रांना तोडून वजनाने गट पाडणे पालकांना मानवत नाही.

दुसरा मार्ग शारीरिक परिपक्वतेचा. मुलाचे वय, उंची, वजन आणि आईबापांची सरासरी उंची यांवरून त्याची प्रौढपणीची उंची अजमावता येते. या पद्धतीचे सूत्र खामिस व रोश यांनी १९९४ साली दिले. त्या अपेक्षित उंचीचा किती शतांश भाग मुलाने गाठला आहे, यावरून त्याचा गट ठरवावयाचा. बाथ विद्यापीठातील शॉन कमिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील फुटबॉल प्रबोधिन्यांत अशा गटांचे सामने घडवले आहेत. त्यांत उशिरा वाढणाऱ्या मुलांना प्रथमच चेंडू खेळवण्याची सवड मिळाली आणि लवकर वाढलेल्यांना प्रथमच केवळ बळावर भागेना, असा अनुभव आला. दोन्ही गोष्टी हितकारक म्हणता येतील. तथापि रविवारच्या क्लबात, जेथे दहा-बारा मुले जमवतानाच प्रशिक्षकाची तारांबळ उडते, तेथे हे मापन करणार कोण? शिवाय अंगाने थोर झालेला अकरा वर्षांचा मुलगा मनाने अकराच वर्षांचा असतो. त्याला चौदा वर्षांच्या मुलांत बसवले तर तो मैदानावर सुरक्षित, पण कपडे बदलण्याच्या खोलीत एकटा पडतो. वयाची रेषा अन्याय्य असली, तरी ती सर्वांना समजते आणि कोणाचाही पाणउतारा करीत नाही. ती टिकून राहिली आहे ती या गुणामुळे असावी.

टॅकल हा या सर्व प्रश्नाचा गाभा. रग्बीतील दुखापतींपैकी सर्वाधिक दुखापती टॅकल करताना किंवा झेलताना होतात, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो तो केव्हा शिकवावा याबद्दल. मार्च २०१६ मध्ये सत्तरांहून अधिक डॉक्टर व विद्वानांनी ब्रिटन व आयर्लंडमधील शालेय रग्बीतून टॅकल वगळावा असे जाहीर आवाहन केले. त्यात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक ॲलिसन पोलॉक अग्रभागी होत्या. शासनाच्या वैद्यकीय सल्लागारांनी ती मागणी मान्य केली नाही. खेळाच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद असा: भिडण्याचे तंत्र अंग लहान व वेग कमी असतानाच शिकवावे; पंधराव्या वर्षी प्रथम शिकणारा अधिक धोक्यात असतो.

हा युक्तिवाद पडताळून पाहण्याची एक संधी कॅनडाने दिली, तीही हॉकीत. अल्बर्टा प्रांतात ११-१२ वर्षांच्या मुलांना अंगाने धडक देण्याची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. कॅरोलिन एमरी व सहकाऱ्यांनी २०१० साली केलेल्या तुलनेत अल्बर्टातील मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक आढळला. पुढील वर्षी त्यांनी १३-१४ वर्षांच्या मुलांची तुलना केली. या वयात दोन्ही प्रांतांत धडक आली होती. ज्यांना आधी सवय होती आणि ज्यांना नव्हती, त्यांच्यात एकूण दुखापतींच्या व मेंदूच्या आघाताच्या धोक्यात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र आठवड्याहून अधिक काळ खेळाबाहेर ठेवणाऱ्या दुखापती आधी शिकलेल्यांत काहीशा कमी होत्या. म्हणजे लवकर शिकण्याचा लाभ अगदीच काल्पनिक नाही, पण तो लहान आहे आणि त्यासाठी दोन वर्षे मोजलेली किंमत मोठी आहे. कॅनडाने २०१३ साली त्या वयोगटातून धडक काढून टाकली. हॉकीतील धडक आणि रग्बीतील टॅकल एक नव्हेत, हे खरे; टॅकलमध्ये हातांनी कवटाळणे सक्तीचे आहे आणि बर्फावरील वेग गवतावर नसतो. परंतु नऊखालील गटात टॅकल आणण्याचे समर्थन करणाऱ्यांनी या पाहणीला उत्तर द्यावयास हवे.

मेंदूच्या आघाताबद्दलची जाणीव या क्षेत्रात गेल्या पंधरा वर्षांत जितकी बदलली तितकी दुसऱ्या कशाचीही बदललेली नाही. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये एका शालेय सामन्यात चौदा वर्षांच्या मुलाला एकाहून अधिक वेळा डोक्याला मार बसला, तरी तो खेळत राहिला. शेवटी कोसळला व दोन दिवसांनी दगावला. पहिल्या आघातातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा आघात झाला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते, आणि तरुण वयात हा धोका विशेष असतो. त्या मुलाच्या आईवडिलांनी पुढे अनेक वर्षे केलेल्या खटपटीतून ब्रिटनमधील मार्गदर्शक नियमांना चालना मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्व हौशी खेळांसाठी एकच नियमावली निघाली: आघाताची शंका आली की खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे; त्या दिवशी पुन्हा खेळवू नये; २१ दिवसांच्या आत सामना खेळू देऊ नये; आणि लक्षणे नाहीशी होऊन १४ दिवस लोटल्याखेरीज अंगाशी अंग भिडेल असा सराव देऊ नये. या नियमाचे मर्म ‘शंका’ या शब्दात आहे. रविवारच्या मैदानावर डॉक्टर नसतो. निदान करणे हे प्रशिक्षकाचे काम नव्हे. शंका घेणे हे आहे, आणि ते कोणालाही करता येते.

त्याच वर्षी टॅकलच्या उंचीचा वाद उद्भवला. जानेवारी २०२३ मध्ये युनियनने हौशी खेळात टॅकल कमरेखालीच करावा असे जाहीर केले. क्लबांतून असा गदारोळ उठला की युनियनला दिलगिरी व्यक्त करावी लागली. अखेर मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणून तो नियम २०२३-२४ च्या हंगामापासून अमलात आला. हेतू असा की दोन डोकी एका पातळीवर येऊ नयेत. मुलांच्या बाबतीत या नियमाला एक विचित्र वळण लागते. ठेंगणा मुलगा उंच मुलाला अडवताना तो न वाकताही पाळतो. उंच मुलाने ठेंगण्याला अडवायचे तर त्याला पुष्कळ वाकावे लागते, आणि वाकलेल्याचे डोके समोरच्याच्या गुडघ्यापाशी येते. म्हणजे उंचीतील जी तफावत वयाच्या रेषेला दिसत नाही, ती या नियमातून दुसऱ्या दाराने मैदानावर येते.

हे सारे चालवतो कोण? वेतनधारी जवळजवळ कोणी नाही. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या बापाला पहिल्या महिन्यात शंकू मांडण्यास सांगतात, दुसऱ्या वर्षी शिट्टी देतात, आणि तो त्या गटाबरोबर वरवर सरकत अठराव्या वर्षापर्यंत प्रशिक्षक राहतो. पूर्वी हे केवळ ओळखीवर चाले. आता मुलांत वावरणाऱ्या प्रत्येक प्रौढाची गुन्हेविषयक दप्तरातून तपासणी होते, आणि प्रत्येक क्लबात बालसुरक्षेचा स्वतंत्र अधिकारी असतो. बाप हाच प्रशिक्षक असण्यातील अडचण मात्र कोणत्याही तपासणीने दूर होत नाही. त्याचा मुलगा संघात असतोच. तो किती वेळ खेळतो याकडे रेषेवरील इतर पालकांचे डोळे लागलेले असतात.

मुलींची कथा वेगळी आहे. अकराखालील गटापर्यंत त्या मुलग्यांबरोबर खेळतात. या वयात त्यांची वाढ मागे नसते. मुलींची वाढीची झेप सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे मुलग्यांच्या आधी येते, आणि दहा-अकरा वर्षांच्या मिश्र संघातील सर्वांत उंच खेळाडू पुष्कळदा मुलगी असते. बाराव्या वर्षापासून गट वेगळे होतात. वेगळेपणाचा हेतू रास्त आहे, पण परिणाम असा की ज्या मुलीने पाच वर्षे एका संघात काढली तिला अचानक संघच उरत नाही. एका क्लबात तिच्या वयाच्या तीन-चारच मुली असतात. म्हणून मुलींचे गट एका वर्षाचे न ठेवता दोन-दोन वर्षांचे केले आहेत, आणि शेजारचे क्लब मिळून संघ उभारतात. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ट्विकनम येथे इंग्लंडच्या महिलांनी कॅनडाला ३३-१३ ने हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा ८१,८८५ प्रेक्षक उपस्थित होते. त्यानंतरच्या रविवारी जी मुलगी प्रथम मैदानावर आली असेल, तिच्यासाठी क्लबाने कपडे बदलण्याची स्वतंत्र खोली केली आहे काय, हा तूर्त अनेक क्लबांपुढील अगदी व्यावहारिक प्रश्न आहे. त्यांच्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा तो कोणी विचारला नव्हता.